काका आणि पानांचा ताप

रोपाला छत्री धरणारा एकच गृहस्थ मला आजवर भेटला, आणि पहिल्याच भेटीत मी त्याची छत्री पळवली. लग्नानंतर बायकोच्या काकांना भेटायला उधव्याला गेलो होतो. निघताना ऊन मी म्हणत होतं आणि कुंपणाजवळ एक काळी छत्री, कोणी विसरून गेल्यासारखी, उघडी उभी होती. बायको आत काकूंशी बोलत राहिली होती. मी छत्री उचलली आणि ऐटीत एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "जावईबापू, छत्री राहू दे तुमच्याकडेच. पोर गेलं." पोर म्हणजे छत्रीखालचं रबराचं वीतभर रोप, हे बायकोने समजावेपर्यंत मी सांत्वनाची दोन वाक्यं बोलूनही बसलो होतो. काकांनी ती गंभीरपणे ऐकून घेतली.

काका रेल्वेत गार्ड होते आणि काकू सरकारी दवाखान्यात नर्स. काकूंचं माहेर केरळात, घराला लागूनच रबराची बाग. निवृत्त झाल्यावर काकांनी, आजूबाजूचे चिकूवाले हसत असतानाही, उधव्याच्या जमिनीत रबर लावलं. काकू म्हणायच्या, "मी माहेरच्या माशांची आठवण काढली, यांनी माहेरची झाडं आणली. मासे तर इथल्या वरोर बंदरावरच मिळाले असते." पण संध्याकाळी खुर्ची टाकून बसायच्या त्या त्याच झाडांत.

रबराचं झाड थंडीत पानं टाकतं, मग तांबूस, लवलवती पालवी येते. ती निबर व्हायच्या आत ऊन तापलं की संपलं. गाड्या वेळेवर सोडण्यात जन्म गेलेल्या माणसाला हा उशीर कसा सोसवणार? माघ लागला की काका झाडांवर खेकसत फिरायचे. "निघा आता. चैत्रात पोचलात तर भाजाल." भर दुपारी एकेक पान गालाला लावून बघायचे, आणि पाहुण्यालाही सोडायचे नाहीत. "जावईबापू, बघा बरं, ताप आहे का?" मला काय कळणार? मी आपला डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचो, "थोडी कणकण आहे." की लगेच त्या झाडाच्या बुंध्याला ओलं गोणपाट.

विहिरीजवळचं एक झाड मात्र लाडकं. ते सगळ्यांच्या आधी पानं टाकायचं, आधी पालवायचं, आणि बाकीच्यांची पानं जळक्या पापडासारखी वळली तरी हे हिरवंगार. काकांनी त्याच्याच फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, काढून दुसऱ्या रोपांवर कलमं बांधली. इथल्या उन्हाला पुरून उरेल असं रबर, तेवढं एक करून जायचं होतं त्यांना. काकू गेल्या, त्यानंतर तर दुसरं काही बोलणंच उरलं नाही. दर उन्हाळ्यात बायको फोन करायची, "काका, डहाणूला या, इथे समुद्राचा वारा तरी आहे." उत्तर ठरलेलं. "येतो ना. विहिरीवरचं पान निबर होऊ दे." आले कधीच नाहीत.

यंदा थंडी अशी पडलीच नाही. त्या झाडानेही पानं उशिरा टाकली, आणि पालवी तांबूस असतानाच ऊन पेटलं. पानं जळली. झाड पुन्हा फुटलं, पुन्हा जळलं. मग फांद्याच शेंड्याकडून वाळत आल्या. कलमं तर आधीच गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा काका झाडाखाली नुसते उभे होते. हाताशी एक फांदी लोंबत होती, तिला त्यांनी हातही लावला नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काका, पावसाळ्यात फुटेल परत."

"फुटेल हो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ऊन थांबणार आहे का याच्यासाठी?"

बायकोने सवयीने म्हटलं, "काका, चला डहाणूला."

"चल," काका म्हणाले. एका पिशवीत कपडे भरले, दाराला कुलूप लावलं आणि आमच्या आधी गाडीत जाऊन बसले.

आमच्याकडे ते शहाण्यासारखे जेवले. भाजी चांगली झाली म्हणाले, गॅलरीत बसून वाऱ्याचंही कौतुक केलं. मला हायसं वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला म्हटलं, "बघ, इतकी वर्षं बोलवत होतीस, शेवटी आले."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही म्हणायला हवं होतं रे त्यांनी."