दुसरा आवाज

चौसाळ्यात आश्रुबाला तोंडावरून ओळखणारे थोडे आणि आवाजावरून ओळखणारे बक्कळ. जवळच्या लिंबागणेश गावात एका लग्नात हा पंगतीत बसला होता, कुणी ढुंकून बघेना. वाढप्याला त्याने नुसतं "अवो, इकडं मठ्ठा!" म्हटलं आणि निम्मी पंगत मागं वळली. कुस्त्यांचा फड असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, कापड दुकानाचा सेल असो की पुढाऱ्याची सभा, रिक्षावरच्या भोंग्यातून गावोगाव फिरायचा तो आश्रुबाच. अंगाने काटकुळा, सदऱ्याला इस्त्री कधी माहीत नाही, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, सहा फुटी गडी बोलतोय. त्याला गर्व होता याचा. आणि का नसावा? शेतात त्याचा जीव कधी रमला नाही, ते भाऊ बघायचा. याच्याकडे होता तो आवाज.

सुरुवातही मजेची. तरुणपणी एका फडात पुकारणारा माणूस आलाच नाही, तेव्हा कुणीतरी याच्या हातात माईक कोंबला. याने पैलवानांची नावं अशी काही पुकारली की हरलेला गडीसुद्धा छाती काढून घरी गेला. तेव्हापासून हेच काम. पुढे राधाकिशनने महामार्गाच्या कडेला, टायरच्या दुकानावर, रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, दाराला जाडजूड वाकळ. तरी ट्रक गेला की बोलणं थांबवावं लागायचं. तो स्टुडिओ चालला तो आश्रुबाच्या जिवावर, हे राधाकिशनही कबूल करायचा.

तर या आश्रुबाचं गेल्या यात्रेपासून माईकशी वाकडं आलं. 'चला चला चला, भव्य' इथपर्यंत सगळं झकास, पण 'दिव्य' म्हणताना आवाज वर चढला की मध्येच फाटायचा.

"मायक आवाज खायलाय," आश्रुबा म्हणाला.

राधाकिशनने वायर बदलली. माईकवरची स्पंजची टोपी बदलली. शेवटी हातात धरायचा जुना डायनॅमिक माईक बाजूला ठेवून मोठा कंडेन्सर आणला, श्वाससुद्धा टिपणारा. घ्या! त्यात तर घशातली खरखर आणखीच ऐकू यायला लागली. "ह्यो त्याच्याहून भंगार हाय," आश्रुबाने निकाल दिला. राधाकिशनने जुना माईक पुन्हा जोडला. ज्याच्या आवाजावर आपलं पोट चाललं, त्याला तोंडावर काय सांगायचं?

घरी भामाबाई, म्हणजे आश्रुबाची बायको, रोज न बोलता त्याच्यापुढे कोमट पाण्यात मीठ घालून तांब्या ठेवायची. "मायक बिघडलाय तर गुळण्या म्या कावून करू?" असं तो तिच्यावर खेकसायचा आणि गुळण्या करायचा.

त्यातच रोहिणी आली. ही त्याची पुतणी. बीडला कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकत होती, शेवटचं वर्ष. स्टुडिओतल्या माईकची तुलना करायची, असा प्रोजेक्ट तिने घेतला होता. राधाकिशनचे दोन आणि कॉलेजातून मागून आणलेला एक, असे तीन माईक. वाक्य तेच, आवाज तोच, तोंडापासूनचं अंतर तेवढंच, पंखा बंद. मग कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या माईकवरचं हे न सांगता लोकांना ऐकवायचं आणि विचारायचं, कोणतं बरं वाटलं.

आश्रुबा मांडी ठोकून म्हणाला, "लाव बाई, एकदाचा निकाल लाव! लई दिवस झाले मी सांगायलोय, कुणी ऐकंनाच."

मग काय, प्रोजेक्ट रोहिणीचा आणि उत्साह चुलत्याचा. अंतर फुटपट्टीने मोजू नको, एक वीत धर, बोलताना मान हलली तरी वीत कळते, असं त्याने तिला पटवायचा प्रयत्न केला. तिने फुटपट्टीच धरली. ऐकायला कॉलेजातली पोरं नको, टपरीवरची माणसं घे, त्यांना काही आवडलं नाही तर ती तोंडावर सांगतात, हे मात्र तिला पटलं. वाक्य त्याने स्वतःचंच दिलं, 'चला चला चला, भव्य दिव्य शंकरपट!' त्यात तारीख नाही की गावाचं नाव नाही, कुठंही चालतं, असं वर समर्थनही केलं.

एक दिवस तिघं स्टुडिओत बसून हेच ठरवत असताना रोहिणीच्या सरांचा फोन आला. ती बाहेर जाऊन बोलून आली.

"नाना, सर म्हणतात एका आवाजावर भागणार नाही. दुसरा आवाज पाहिजे."

"कावून? माझ्या आवाजाला काय झालं?"

"तसं नाही हो. समजा, खोट एकाच माईकवर ऐकू आली, तर ती माईकची. पण तिन्ही माईकवर एकाच माणसाची आली आणि दुसऱ्याची आली नाही, तर मग ती माईकची नसते ना. दुसरा आवाज असला की हे लगेच कळतं." पोरगी सहज बोलून गेली. तिच्या मनात काही नव्हतं. राधाकिशन मात्र गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळायला लागला.

दुसऱ्या आवाजाचं नाव निघताच आश्रुबाला प्रचाराचं काम आठवलं. निवडणुका तोंडावर होत्या. उमेदवार अमरसिंहदादांच्या प्रचाराचं सगळं रेकॉर्डिंग याच स्टुडिओत व्हायचं होतं, आणि कुणाच्या आवाजात व्हायचं हे राधाकिशनने अजून एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. एरवी हे विचारावंसुद्धा लागत नसे, आवाज आश्रुबाचाच असायचा.

"दुसरा आवाज तुम्हीच आणा नाना," रोहिणी म्हणाली. "गावातले आवाज तुमच्याइतके कुणाला माहीत?"

माहीत होते, तीच तर पंचाईत. आश्रुबाच्या डोळ्यापुढे दोन माणसं आली. एक हनुमान, क्रिकेटच्या सामन्यांची कॉमेंट्री करणारा. गडी असा बोंबलायचा की देवाने घडवलेला माईक असला तरी फाटावा. त्याला आणला की दोन्ही आवाज खराब निघणार आणि सगळं खापर माईकवर फुटणार. दुसरी बबिता. आठवडी बाजारात दोडकी, भेंडी विकायची. तिची आरोळी पार मोटार स्टँडपर्यंत स्वच्छ यायची, घशाला ताण नाही, शब्द मोडलेला नाही. आश्रुबा बरेच दिवस तिच्या ओळीतून जायचं टाळत होता. का टाळतो, हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तो हनुमानाकडेच निघाला. यात काय चुकलं म्हणा! स्वतःची भाकरी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या ताटात कोण टाकतं?

रस्त्यात कापड दुकानाची रिक्षा आडवी आली. भोंग्यातून त्याचाच आवाज येत होता, 'भव्य दिव्य सेल', आणि 'दिव्य' लख्ख. आश्रुबा जागेवर थांबला. या सेलचं नवीन रेकॉर्डिंग त्याने याच महिन्यात करून दिलं होतं. हे ते नव्हतं. हे जुनं होतं, चांगलं दोन-तीन वर्षांपूर्वीचं, त्याच डायनॅमिक माईकवरचं, ज्याला तो भंगार म्हणत होता.

रिक्षावाला रामेश्वर ओळखीचाच. आश्रुबाने त्याला हटकलं, "ही जुनी कावून लावली बे?"

रामेश्वर ओशाळला. "मालक म्हणले, नानाची जुनीच लाव. नव्यामधी नानाला सर्दी झालती."

वर्षभर सर्दी! म्हणजे दुकानदाराला कळलं होतं, रिक्षावाल्याला कळलं होतं, राधाकिशनला तर वायर बदलतानाच कळलं असणार. सगळ्या गावाने मिळून त्याची लाज राखली होती आणि हा माईकला शिव्या देत फिरत होता. आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षा पुढच्या गल्लीत गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडला. असा आवाज होता आपला, असं त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं.

मग तो हनुमानाकडे गेला नाही. भाजीच्या ओळीत शिरला आणि बबितासमोर जाऊन उभा राहिला.

"काय देऊ नाना?"

"भाजी न्हाई. 'चला चला चला, भव्य दिव्य शंकरपट', एवढं म्हण."

"अगं माय! येड लागलं का काय तुमाला?" बबिता हसली, शेजारच्या बायकाही हसल्या. पण तिने म्हटलं. दोडक्यांवर पाणी मारता मारता म्हटलं, आणि दोन दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक शंकरपट कुठं आहे ते विचारायला आलं.

"उद्या राधाकिशनच्या स्टुडिओत ये," आश्रुबा म्हणाला. "माझ्या पुतणीच्या अभ्यासाचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी रोहिणीने नुसती चाचणी ठेवली होती, ठरवलेलं सगळं जमतंय का ते बघायला. पंखा बंद, दाराला वाकळ, तिन्ही माईक ओळीने. बबिता आधी लाजली, मग एकदा तोंड उघडल्यावर तिन्ही माईकवर सारखीच बोलली. राधाकिशनने कानावरचे हेडफोन काढले. त्याला भान राहिलं नाही, का मुद्दामच विचारलं, देव जाणे.

"ताई, प्रचाराचं रेकॉर्डिंग कराल का?"

बबिताने आश्रुबाकडे बघितलं. राधाकिशनला मग कुठं आपण काय बोललो ते कळलं आणि तोही आश्रुबाकडे बघायला लागला.

"करंल की," आश्रुबा म्हणाला. "त्यासाठीच आणलीया. वरच्या पट्टीत श्वास कुठं घ्यायचा ते मी सांगंन तिला."

"नाना, आता तुमचा आवाज," रोहिणी म्हणाली.

तो पहिल्या माईकसमोर बसला. सदऱ्याची बटणं नीट केली, फुटपट्टीचं अंतर आपणहून बघितलं. 'चला चला चला, भव्य दिव्य शंकरपट!' 'दिव्य'वर आवाज फाटला. कंडेन्सर होता, बारीकशी खरखरसुद्धा लपली नाही.

रोहिणी चटकन म्हणाली, "परत घेऊ या नाना. जरा खालच्या पट्टीत म्हणा, तिथं फाटणार नाही."

"न्हाई बाई. फाटला तसाच ठेव. आता म्या आवाज दाबला, तर मायकाची खोट हाय का माझी, ते तुझ्या सरांना कळायचं कसं?"

तो उठला, दुसऱ्या माईकसमोर बसला आणि त्याच पट्टीत तेच वाक्य म्हणाला. आवाज तिथंच फाटला. मग तिसऱ्यासमोर सरकला.