दातांत धरलेला ब्रश

क्लिपा लावण्याआधी मी डॉक्टरबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. दुखेल का, किती महिने लागतील, ऊस सोलून खाता येईल का, पोह्याचा पापड चालेल का? सव्विसाव्या वर्षी दातांना तार लावून घेणारी बाई शंकेखोर असायचीच. कारखान्यातल्या बायका "लगीन ठरलं काय गो?" म्हणून पिडायच्या, ते वेगळंच.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. डोळे आखायचं काम बाबांचं आणि माझं. दातांच्या डॉक्टरबाई मात्र रोह्याला.

आठ महिन्यांत पुढच्या एकाच दातावरचं ब्रॅकेट तीनदा निघालं. दर वेळी वडखळवरून एसटीचे धक्के खात रोहा गाठायचं आणि तोच प्रश्न ऐकायचा, "काही कडक चावलंत का?" मी पापडाला शिवलेसुद्धा नव्हते, त्यामुळे माझा पारा चढायचा. चौथ्यांदा निघालं तेव्हा बाबा सोबत होते. बाईंनी या वेळी काही विचारलं नाही. दात बोटाने हलवून पाहिला, एक्स-रे काढला आणि तो उजेडाकडे धरला.

"याचं मूळ झिजतंय," त्या म्हणाल्या. "क्लिपांनी थोडंफार होतं कधी कधी. पण या दातावर आणखी कसला तरी जोर पडतोय. तोंडात काही धरता का? पेन, सुई?"

"नाही."

खोटं होतं ते. प्रश्न ऐकताक्षणीच मला कळलं होतं. डोळे आखताना डावा हात मूर्तीला टेकलेला, उजव्यात काळा ब्रश आणि पांढरा दातांत. चतुर्थी तोंडावर आली होती आणि बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या.

"नाय कसं?" मागून बाबा म्हणाले. "ब्रश धरते ना ती. दिवसभर. मीच शिकवलाय, सात वर्सांची व्हती तवापासून."

"बाबा, गप्प बसा!" मी ओरडले. मग बाईंकडे वळून विचारलं, "दात राहील ना?"

"तार सैल करते. तीन महिने ओढ नाही आणि ब्रश तर अजिबात नाही. मग बहुतेक राहील."

त्या 'बहुतेक'ने मला रात्रभर झोपू दिलं नाही.

सकाळी तोंड मिटून कामाला बसले. पहिलीच रेघ वाकडी आली. दातांत ब्रश नसला की माझा हात थरथरतो, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा वाकडी. दात वाचवायचा की हात, असं झालं मला आणि सगळ्यांसमोर रडू फुटलं.

बाबांनी स्वतःच्या तोंडातला ब्रश काढून बाजूला ठेवला. आयुष्यात कधी कुणाच्या हाताखाली न बसलेला हा माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. माझा पांढरा ब्रश बोटांत धरून म्हणाला, "तू आख. लागला की माग, मी देतो."