केर थांबलेलं घर

घोडबंदरच्या चढावर गाडीतून करपल्यासारखा वास यायला लागला तेव्हा मला वाटलं, सकाळचं काहीतरी शेगडीवर राहून गेलं. शेगडी बंद होती. जळत होती ती क्लच प्लेट. उजवीकडे खाडीवर धुकं पसरलेलं, डावीकडे जंगलाचा डोंगर, आणि मधून माझी ही फिरती खोली बैलगाडीच्या चालीने मुंबईत शिरत होती. चार वर्षांत लडाखचे घाट चढलेल्या गाडीने घरच्या दारात मान टाकावी, याला काय म्हणावं! बोरिवली ओलांडून चारकोपला पोचेपर्यंत मागच्या सगळ्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून माझं स्वागत केलं.

नव्या वाचकांसाठी सांगते. ही गाडी म्हणजे एक जुनी मालवाहू व्हॅन आहे. मागे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली भांडी, खिडकीला आईच्या जुन्या साडीचा पडदा. तिच्यात बसून मी देश फिरते आणि इथे लिहिते. तुमच्यातले पुष्कळजण लिहितात की, तुमच्यासारखं जगायला मिळालं पाहिजे. मग मी पेट्रोल पंपावर बादलीने केलेली आंघोळ आठवते आणि गप्प बसते.

यावेळी मात्र गप्प बसून भागणार नव्हतं. पावसाळ्यानंतर जगदलपूरच्या बाहेर मला ताप भरला होता. गाडी एका चिंचेखाली उभी करून पडून राहिले. त्या तापात आपलं घर कुठल्या दिशेला आहे हे मला आठवेना. उशाकडे की पायांकडे? एवढी साधी गोष्ट आठवेना म्हणून मी लहान मुलीसारखी रडले. ताप उतरला, पण शंका काही उतरली नाही. म्हणून ठरवून घरी आले होते. गाडी विकायची की पुन्हा निघायचं, हे इथेच ठरवायचं होतं. मुलुंडचं एक जोडपं गाडी घ्यायला तयार होतं, रविवारी बघायला येणार होतं.

चारकोपला आमचं सेक्टरमधलं बैठं घर आहे. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी दारात चपला काढते न काढते तोच ती हातात झाडू घेऊन उभी. जगातली सगळी धूळ मी पायांना लावून आणली आहे, अशी तिची खात्री. "आत ये, मग काय ता बोल," म्हणाली आणि माझ्या मागोमाग झाडत आली. आईची स्वच्छता गल्लीत प्रसिद्ध आहे. आमच्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते, असं बाबा म्हणायचे.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली सरकून बघितलं आणि तिथूनच निकाल दिला, "मॅडम, पूर्ण वाट लागलीय. रविवारपर्यंत देतो." माझी खोली त्याच्या ताब्यात देऊन मी पिशवी घेऊन घरी परतले. दुपारी माशांचं कालवण आणि भात पोटभर जेवून झोपले. जाग आली तेव्हा भिंतीवर उन्हाचा एक पट्टा हलत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि आपण कुठल्या राज्यात आहोत हे मला कितीतरी वेळ कळलं नाही. खरं सांगायचं तर तो वेळ फार सुखाचा होता. मग आईने चहाला हाक मारली आणि चारकोप आपल्या जागी येऊन बसलं.

गाडी नसली की मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, चल, तुला फिरवून आणते. आपल्याच उपनगरात पाहुण्यासारखं हिंडू. तिने डब्यात घावणे घेतले, पाण्याची बाटली घेतली, जणू काशीला निघालो आहोत. गोरेगावला आरेची बस मिळाली. बस वळून झाडीत शिरली आणि शहराचा आवाज कुणीतरी हळूच दार ओढून घ्यावं तसा मागे राहिला. थंडीच्या दिवसांतलं कोवळं ऊन, गोठ्यांचा ओला वास, उंच गवतातून डोक्यावर भारा घेऊन चाललेली एक बाई. आईने खिडकीला डोकं टेकवलं. मी इतकी गावं पाहिली, पण आईला खिडकीतून बाहेर बघताना कधी पाहिलं नव्हतं.

एका स्टॉपवर उतरलो. तिथे पाड्यावरची एक बाई करांदे (थंडीत मिळणारा रानकंद, उकडून खातात) विकायला बसली होती. आईने कंद निवडता निवडता विचारलं, "गाव खंयचा तुमचा?" (खंयचा म्हणजे कुठला.)

रस्त्यावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. ती बाई म्हणाली, "गाव? हेच. तुमचं?"

"मालवण," आई तत्काळ म्हणाली.

जन्माची कमाई चारकोपला घातलेली माझी आई! मालवणात आता तिचं पडकं कुंपण आणि दोन आंबे एवढंच आहे. मला हसू आलं, आणि मग बरंही वाटलं. या उपनगरांत ज्याला विचारावं त्याचं गाव दुसरीकडेच असतं. मुक्कामाला आलेली माणसं घरं बांधून राहिलीत. मी तेवढी वाईट नाही, असं मनाला सांगत मी झाडाखाली घावणे खाल्ले.

संध्याकाळी परतलो तेव्हा आई देवळात गेली आणि मी शेजारच्या सावंत काकूंकडे चहाला बसले. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे आमच्या घरातलं त्यांना आमच्याआधी कळतं. त्या म्हणाल्या, "आलीस ते बरं झालं गं मेधा. वहिनींचं घर आता सकाळी सकाळी झाडून होतं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याशिवाय मागे केर काढायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. तुमच्याही घरी असेल. पण माणूस सकाळी निघून दुपारी पोचतं, केर तेवढाच वेळ थांबतो. माझं तसं नव्हतं. मी रोज कुठून तरी निघत होते. संध्याकाळी गाडी लावली की आईला फोनवर 'पोचले' एवढा एक शब्द पाठवायचा, तिचं 'बरं' यायचं, एवढाच आमचा नेम. त्या 'बरं'नंतर ती झाडू हातात घेत होती.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. आणि तुझा फोन नाही लागला ना, तर दुसऱ्या दिवशी पण तसंच. एकदा तू त्या बर्फात गेलेलीस, तेव्हा तर मी म्हटलं, वहिनी, मी काढते. मलासुद्धा हात लावू दिला नाही. बसून राहिल्या त्या कचऱ्यात."

बर्फातल्या त्या स्पितीमध्ये तेव्हा रेंज नव्हती. मी चांदण्यांवर पानंच्या पानं लिहिली होती आणि तुम्ही ती वाखाणली होती. माझी आई, जिला ताटाबाहेर पडलेलं शीत सहन होत नाही, ती इथे धुळीत बसली होती. मला फार वाईट वाटलं. जगदलपूरला जे ठरत नव्हतं, ते त्या चहाच्या कपाशी ठरलं. रात्री जेवताना आईला सांगितलं की मी गाडी विकते आहे.

तिने माशाचा काटा काढून बाजूला ठेवला. "कोणी सांगितलान? सावंतीणीन?"

मी मान हलवली.

"केर खंय पळान जाता?" ती म्हणाली. "तुका कंटाळो इलो असात तर रव. दमलंस तर रव. पण माझ्या केरासाठी रवलंस तर माका घरात तोंड दाखवूक नको." (रव म्हणजे राहा.)

मी म्हटलं, आई, पण किती दिवस तू अशी वाट बघत बसणार? त्यावर तिने जे उत्तर दिलं ते तिने मालवणीत दिलं नाही, अगदी शाळेतल्या बाईंसारखं दिलं. "मी वाट बघत नाही. मी तुझ्याबरोबर असते. तू पोचलीस की मग माझं घर सुरू होतं."

रविवारी गाडी आली आणि मुलुंडचं जोडपंही आलं. त्यातली मुलगी पलंगावर आडवी पडून छताकडे बघत म्हणाली, "झकास आहे यार. तुम्ही का विकताय?" उत्तर तोंडात तयार होतं. पण तिने साडीच्या पडद्याला हात लावला आणि तो बाजूला सारला, आणि मी तो नकळत परत ओढून घेतला. कंटाळा आला आहे का, असं मी स्वतःला विचारलं. नव्हता आला. भीती होती, आणि ती गाडी विकूनही गेली नसती. मी दोघांची माफी मागितली. मुलगा चिडला, मुलगी मात्र हसली. आईने त्यांना सोलकढी देऊन वाटेला लावलं.

सोमवारी सकाळी निघाले. आईने तळहातावर दह्याची कवडी ठेवली. मी "येते" म्हटलं. गल्लीच्या वळणावर आरशात पाहिलं, ती दारातच होती आणि तिच्या मागे आदल्या दिवसाच्या पाहुण्यांचा, माझ्या बांधाबांधीचा भरपूर केर पडला होता. गुजरातच्या वाटेला लागले होते, पण तो केर डोळ्यांपुढून हलेना. दहिसरला नाक्याच्या अलीकडे गाडी कडेला लावली आणि फोन केला.

"आई, पोचले."

"खंय?"

"दहिसरला."

मग फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला आणि झाडू सुरू झाला. शेजारून ट्रक धडधडत जात होते, मी कानावर फोन घट्ट धरून ऐकत होते. आतल्या खोलीत झाडूचा आवाज बारीक येतो. पलंगाखाली तो अडखळतो. स्वयंपाकघरातल्या लादीवर मोकळा होतो. मी डोळे मिटले आणि झाडूच्या मागोमाग सगळं घर फिरून आले. आता कुठेही ताप भरला तरी घर कुठल्या दिशेला आहे हे मला सांगता आलं असतं.

उंबऱ्याशी येऊन आवाज थांबला. आईने फोन उचलला.

"घर झाडलंय," ती म्हणाली. "दारातलो केर तेवढो ठेवलंय. सांजेक पोचलंस की काढतंय."