वाढायला कुणी नाही

माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे. मी मनोरुग्णांची नर्स, पण तपासणी करणारी आणि औषधं लिहून देणारी. बसमध्ये कुणी विचारलं तर मी नुसतं 'नर्स' सांगून मोकळी होते. माझी आई मात्र अजून फोनवर विचारते, "म्हणजे तू डॉक्टर झालीस की नाही ते एकदा सांग."

हे काम मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात शिकले. बायकांच्या वॉर्डात कामाला माणसं इतकी कमी, की जेवणाच्या वेळी आम्ही नर्सही पंगतीत बसायचो. घास भरवायचो, मधूनच स्वतः खायचो. कोण ताटाकडे बघते, कोण दाराकडे, कोण पोळी पदरात लपवते, हे तिथे कळायचं. इथे आयर्लंडमध्ये याला संपूर्ण माणसाचा विचार म्हणतात. त्याची प्रशिक्षणं होतात आणि मधल्या सुट्टीत बिस्किटं मिळतात. मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर जरा रागही येतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक काकू आल्या, अमरावतीकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने तिकडचं घर विकलं, कागदपत्रांसाठी जिवाचं रान केलं आणि त्यांना डब्लिनला आणलं. मुलगा तिथल्याच चेरीवूड भागात सॉफ्टवेअरमध्ये, सूनही नोकरी करणारी, नातू शाळेत. काकूंनी बोलणं कमी केलं, मग जेवण कमी केलं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, ते बरोबरच होतं. गोळ्यांनी झोप आली, भूक काही आली नाही. अंगावरचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, तेव्हा मी घरी गेले.

कुणाच्याही घरी मी आधी स्वयंपाकघर बघते. सुनेने फ्रीज उघडून दाखवला. खिचडी, वरण, भाजी, प्रत्येक डब्यावर वाराचं नाव. एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं. सून वाईट नव्हती, हे मला सांगायलाच हवं. अशा गोष्टीत आपल्याकडे सुनेला धरायची घाई फार.

"मी रोज सांगते, आई, आमची वाट बघू नका, तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

काकूंना मी विचारलं, "तिकडे तुम्ही कुणाबरोबर जेवायचात?"

त्यांनी आधी फ्रीजचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मी कधी आंधी जेवली नाही. सगळ्यायले वाढलं, का मंग बसायची. आता कोणाले वाढू? सगळे आपापलं घेतेत."

मला आनंद झाला, अगदी कुलूप उघडल्यासारखा. मी उपचारात लिहिलं: रोज एक जेवण काकूंनी वाढायचं, सगळ्यांनी बसून जेवायचं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी वाचून 'ग्रँड' म्हटलं; इथे 'छान' आणि 'नको, ठीक आहे', दोन्हीला हाच शब्द. घरच्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण मुलाच्या मीटिंग अमेरिकेच्या वेळेने चालायच्या. ताट लॅपटॉपशेजारी जायचं. सून उशिरा यायची. नातू शाळेतून आल्या आल्या पास्ता खायचा. काकू पोळी घेऊन त्याच्यामागे उभ्या राहिल्या की म्हणायचा, "आयम ग्रँड, आजी." त्याला मराठी सगळं कळतं, आणि तो खरंच ग्रँड होता. पोळी पुन्हा डब्यात जायची. कुणाला बोल लावू? मी स्वतः माझ्या घरी ओट्याशी उभी राहून जेवते.

शेवटी काकूंना वॉर्डात दाखल करावं लागलं. मोठे डॉक्टर म्हणाले, हा आठवडा बघू, नाही तर नाकातून अन्नाची नळी. गोळी बदलली होती, पण तिचा गुण यायला वेळ होता आणि काकूंकडे वेळ नव्हता. त्या नळी सहन करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्या ती उपसून टाकतील आणि आम्ही त्यांचे हात धरू. असे हात मी पूर्वी धरले आहेत.

दुपारी त्यांचा ट्रे आला. कुस्करलेला बटाटा, मटार, चीज भरून भाजलेली पेस्ट्री. मी खुर्ची ओढून बसले. काकूंनी झाकण काढलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"जेवली काय, पोरी?"

पेशंटचं अन्न आम्ही खायचं नाही, असा नियम आहे. पण मला वाटलं, मी जेवले की त्या बसतील. आयुष्यभर त्या तशाच बसल्या होत्या. मी चमचा उचलला. काकूंनी दुसऱ्या चमच्याने मटार माझ्या बाजूला लोटले. "घे अजून," म्हणाल्या. कित्येक आठवड्यांनी त्यांचे डोळे जागे झाले होते. बटाटा बेचव होता, तरी मी खात राहिले. अर्धं ताट संपल्यावर मी ते त्यांच्याकडे वळवलं.

"आता तुम्ही, काकू."

त्यांनी झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून. "तू जेवली ना? मंग झालं. माह्यं पोट भरलं."

मी विनवण्या केल्या, चमचा त्यांच्या ओठांपर्यंत नेला. त्यांनी मान फिरवली, रागाने नाही, आपलं काम आटोपलेली बाई फिरवते तशी. त्यांच्याबद्दल जे जे कळण्यासारखं होतं ते मला कळलं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

वॉर्डातली तरुण आयरिश नर्स ट्रे न्यायला आली. झाकण उचलून बघितल्यावर तिचा चेहरा खुलला. अर्धं संपलं की, म्हणाली, आता नळी नको, आत्ताच डॉक्टरांना सांगते.

"ते मी खाल्लंय," मी तिला इंग्रजीत सांगितलं.

तिने झाकण परत ठेवलं. काकूंनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि मला विचारलं, "हे पोरगी जेवली काय?"