परशुरामाचं एकटं हॉटेल

मालवणच्या एसटी स्टँडसमोर परशुरामाचं हॉटेल एकटंच होतं, तोवर त्याची ऐट बघण्यासारखी होती. गाडीतून उतरलेला भुकेला माणूस त्याच्याकडेच येणार, जाणार कुठे? पण त्र्याऐंशी साली विधवा नर्मदाबाईंनी अगदी शेजारी खानावळ काढली आणि परशुरामाचा पारा चढला. त्यांच्याशी त्याने बोलणंच टाकलं. मग पलीकडे उसळपाववाला आला, त्याच्यापलीकडे आणखी एक खानावळ.

"सगळी माझ्याच मानगुटीर येवन बसतत!" म्हणत त्याने गाळा सोडला आणि थेट किनाऱ्याच्या टोकाला, माडांत, नवं हॉटेल थाटलं. "हंयसर कोणाचो त्रास नाय," त्याने बायकोला ऐकवलं.

"गिऱ्हायकांचो पण नाय," सुगंधा म्हणाली.

खरोखरच नव्हता. स्टँडवर चार हॉटेलं झाली म्हणून कुडाळची माणसंसुद्धा आता तिथे उतरून जेवायची. एकीकडे बांगडा संपला तर दुसरीकडे मिळेल, ही खात्री. इकडे सुरमईचं तिखलं घरच्यांनीच किती दिवस संपवायचं? जुन्या गाळ्यात दुसऱ्याने बस्तान मांडलं होतं, म्हणजे परतायचीही सोय नाही. हॉटेल बुडालं तर पोरांना मुंबईत कोणाच्या दारात धाडायचं, या धास्तीने त्याचा जीव पोखरला. शेजारी नकोत म्हणून पळालेल्या या गृहस्थाला आता शेजारीच हवे होते, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

शेवटी सुगंधाने त्याला देवळात नेलं. गाऱ्हाणं गुपचूप घालता येत नाही, हे घाबरलेल्या परशुरामाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्याने गुरवाच्या कानात मागणं पुटपुटलं आणि गुरवाने ते खड्या आवाजात देवापुढे मांडलं, "बा देवा म्हाराजा, ह्या परशुरामाच्या बाजूक आणखी येक हॉटेल होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज बायकांमधून आला, नर्मदाबाईंचा. परशुरामाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

बाहेर चपला घालताना नर्मदाबाई जवळ आल्या. हसू त्यांनी कसंबसं दाबलं होतं.

"माझ्या थोरल्या चेडवाक, लेकीक, येगळी खानावळ काढून देवची आसा. तुमच्या बाजूक जागा आसा मा?"

परशुरामाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आसा गो बाये," तो म्हणाला. "चुलीचे फातर मी आणून देतंय."