मंडईले गेली असन

...तर काल गोष्ट कुठं राहिली होती? हं, कुंदाबाई आंगण सारवत होती. शेजारच्या धुरपताबाईनं कुडावरून विचारलं, "पुष्पा दिसत नाही वं?" आणि कुंदाबाईनं मान वर न करता सांगितलं, "मामाकडं गेली, मंडईले."

धुरपताबाई पुढचं बोलायला तोंड उघडत होती, ते तिनं मिटलं.

दिवाळी झाली की आपल्याकडं गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. आज या गावची, उद्या त्या गावची. शिंगाड्याचे ढीग, उसाच्या मोळ्या, रात्री दंडारीची नाटकं. या दिवसांत कोणाचं लेकरू घरात दिसलं नाही तर कोणी पुसतसुद्धा नाही. सोयरिकीही मंडईतच जुळतात. कुंदाबाईची अशीच जुळली. ती ऊस खात उभी होती आणि एक म्हातारा टक लावून पाहत होता. तिला वाटलं, याचा डोळा आपल्या उसावर आहे, म्हणून तिनं ऊस पदराआड लपवला. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगी भारी लाजाळू. तोच तिचा सासरा झाला! मरेपर्यंत तो "आमची लाजाळू सून" म्हणायचा, आणि ही चुलीशी बसून हसायची.

पण यंदा मंडईत पाहुणे येणार होते ते कुंदाबाईच्या पुष्पाला, पुष्पांजलीला, पाहायला. पोरगी सोळाची, तिरोड्याला अकरावीत. सोयरीक आणली नात्यातल्या बकारामनं. "पाहून त जाऊ द्या, लगन का आजच आहे?" पोरगी नाही म्हणाली. बापानं, पुनारामनं, तिचा फोन हिसकला आणि धान साठवायच्या ढोलीत टाकला. कुंदाबाई चुलीशीच बसून राहिली. आंगण सारवलं त्याच सकाळी पोरीचं अंथरूण रिकामं, दप्तर नाही, खुंटीवरचे दोन ड्रेस नाहीत.

"कोनाले सांगू नोको," पुनाराम म्हणाला. "बोभाटा झाला त पोरीचं नाव जाईल. येते संध्याकाळलोक."

संध्याकाळ झाली. पोरगी आली नाही.

मग शोध सुरू झाला, पण चोरून. कुंदाबाई सोयऱ्यांना फोन लावी आणि विचारी, "तुमची मंडई कधी हो?" वाटे, आपणहून कोणी म्हणेल, पुष्पा इथंच आहे. कोणी म्हणालं नाही. मग ती स्वतःच एका मंडईत गेली. पाळणे फिरत होते, भोंगे वाजत होते. ती गर्दीत पोरींच्या पाठी पाहत फिरली. एक पिवळी ओढणी दिसली. खांद्यावर हात ठेवला, तर वळलेला चेहरा भलताच. ओळखीच्या बायांनी हटकलं, "एकटीच आली का वं?" ती हसली. तसं हसू कोणाच्या वाट्याला न येवो.

घरी आली तर पुनाराम आंगणात उभा. कमरेपर्यंत ओला, पायांना गाळ, हातात लांब बांबू.

"कोठी गेले होते?"

"तलावावर. पाणी पाहून रायलो होतो."

पूर्वजांनी बांधलेला तलाव, त्याची पाळ तो रोजच पाही. पण पाणी पाहायला बांबू कशाला लागतो?  बांबूच्या टोकाला शेवाळ गुंडाळलेलं होतं, तेवढं कुंदाबाईनं पाहिलं. ती तशीच धुरपताबाईच्या दारात गेली.

"बाई, पुष्पा मामाकडं नाही. कोठी गेली, मले माहीत नाही."

"अवं माय! त्या सकाळी मी तिले काळीपिवळी जीपमंधी बसताना पायली. मांडीवर दप्तर होतं. तू मामाकडं म्हनली म्हनून मी तोंड उघडलं नाही."

कुंदाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली.

ठाण्यात फौजदार चिडले. "काऊन थांबले? अठराच्या आतलं लेकरू गेलं तर आम्ही एक दिवसही वाट पाहत नाही, लगेच गुन्हा लिहितो. फोटो?" पुनारामनं पोरीचा लग्नघरातला फोटो खिशातून काढला, साडी नेसलेला, पावडर फासलेला. "यात कोण ओळखणार? रोजच्यासारखा द्या. अंगावर काय होतं? कुठं जुनी खूण?"

कपडे आणि खूण कशासाठी विचारतात, हे कुंदाबाईला कळलं. तिनं आपल्याच कोपरावर बोट ठेवून सांगितलं, "डाव्या कोपराले भाजल्याची."

ढोलीतला फोन पोलिसांना दिला. त्यात मैत्रिणीचं नाव सापडलं, हर्षा. तिच्या घरी पुनाराम डोळे वटारून उभा, तोवर हर्षा मुकी. कुंदाबाईनं त्याला बाहेर काढलं. पोरीजवळ खाली बसली. "मी तुले रागावत नाही माय. तिलेही नाही." तेव्हा हर्षा रडत म्हणाली, "गोंदियाहून गाडीत बसीन म्हने."

फोटो गोंदियाच्या रेल्वे पोलिसांकडं गेला, १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनलाही. धुरपताबाई कुंदाबाईचा फोन मांडीवर घेऊन तिच्या घरी बसली, पोरगी लावेल तर कोणी उचलायला हवं. पुनाराम पुन्हा बांबूकडं निघाला, तर कुंदाबाईनं तो बांबूच चुलीत घातला.

फोन वाजला. धुरपताबाईनं उचलला आणि कुंदाबाईच्या कानाला लावला.

पोरगी जिवंत होती. गोंदियाच्या वेटिंग रूममधून हेल्पलाइनच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तिला मुलींच्या बालगृहात नेलं होतं. नाव सांगितलं होतं हर्षा, गाव सांगतच नव्हती. "फोटो तेव्हाच आला असता तर..." असं म्हणत मॅडमनी दोघांना बालगृहात आत नेलं. आईला पाहून पुष्पांजली जवळ आली नाही. दुरूनच म्हणाली, "पाव्हने गेले का?"

बालकल्याण समितीसमोर दोघांनी कबूल केलं, वय झाल्याशिवाय सोयरिकीचं नाव नाही. मगच पोरगी हाती दिली.

दुसऱ्या दिवशी बकाराम हजर. आंगण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेलं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, पाव्हन्याले मी सांगतो, पोरगी मामाकडं होती, मंडईले. झाकलं जाईल. तुमी फक्त हो म्हना."

पुनाराम खाली पाहत होता. दारात पुष्पांजली उभी होती, अजून आत-बाहेर ठरलेलं नसल्यासारखी. कुंदाबाईनं तिच्याकडं पाहिलं, आणि सगळ्या आंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही गा बकाराम, माही पोरगी मंडईले नव्हती गेली, आमच्याच भेवानं पळून गेली होती. आमी पयल्या दिवशी हेच बोललो असतो त तिच्या बापाले तलावात बांबू घालून तिले शोधाची पाळी आली नसती."