शेताचं आडनाव

दोन नकाशे एकावर एक ठेवायचे, खिडकीच्या काचेला लावायचे आणि एक डोळा मिटून बघायचं, ही साहेबांची तपासणीची रीत. मागच्या नकाशात काय होतं आणि नव्यात कुणी गुपचूप काय बदललं, ते मस्कतच्या उन्हात लख्ख दिसायचं. हेच काम कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होतं, हे त्यांना सांगून आम्ही सगळे थकलो होतो.

"कागद खोटं बोलत नाही, मिस्टर शांताराम," ते म्हणायचे. "माणसं बोलतात."

शांताराम हे माझ्या वडिलांचं नाव. त्यांनी उभ्या जन्मात रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नाही, पण ओमानला आल्यावर माझ्या ओळखपत्रावर आडनावाच्या जागी तेच पडलं आणि मी ऑफिसभर मिस्टर शांताराम झालो. सुरुवातीला लोकांना दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. बापाच्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला आपलं काय जातं?

साहेब नॉर्वेचे. साठीच्या आसपासचे, उंच, उन्हाने कायम लालबुंद. निझवा आणि इब्रीकडच्या रस्त्यांचे नकाशे त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नसत. कुठला नकाशा जुना, कुठला चालू, कुठला कुणाकडे गेला, हे सांभाळणं माझं काम. त्यामुळे दिवसातून दहा वेळा त्यांच्या टेबलाशी जावं लागे. टेबलावर मुठीएवढा एक काळा दगड असायचा. एकदा पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागले म्हणून मी तो वर ठेवला, तर त्यांनी हळूच उचलून घेतला.

"हा त्यासाठी नाही. हा एका थडग्यावर ठेवायचाय."

मग हळूहळू कळत गेलं. त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ ऐन विशीत बोटीने अमेरिकेला गेला होता. चार वर्षं राबून परत येणार होता, कारण त्यांच्याकडे अख्खं शेत थोरल्याचं, वाटण्या नाहीत. तो आलाच नाही. चर्चच्या वहीत त्याच्या नावापुढे 'अमेरिकेत मृत्यू' अशी नोंद झाली आणि शेत आजोबांकडे आलं. साहेब लहान असताना आजोबा त्यांना शेताच्या बांधावर नेत, भावाचं नाव घेत आणि पश्चिमेकडे तोंड करून डोक्यावरची टोपी काढत. दगड त्या बांधावरचा. थडगं शोधायचं आणि आजोबांच्या वतीने तो तिथे ठेवायचा, एवढं एकच काम साहेबांनी आयुष्यात राखून ठेवलं होतं.

त्यांच्याकडे शेताचं नाव हेच घराचं आडनाव. मी म्हटलं, आमच्या कोकणातही गावाच्या नावाला 'कर' लावला की झालं आडनाव. ते इतके खूश झाले की त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा शोधमदतनीस झालो. एका शुक्रवारी ते आमच्या दार्सैतच्या घरी जेवायला आले. तळलेला बांगडा त्यांनी असा सफाईने सोलला की बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "काटे काढायला शिकवावं लागलं नाही. माणूस आपल्यातलाच आहे."

तीन वर्षं आम्ही अमेरिकेच्या याद्या चाळल्या. बोटीच्या यादीत भाऊ होता. पुढच्या एका नोंदीत होता. मग खलास. ना गावात, ना स्मशानात.

"सर, माझ्यासारखं झालं असेल," मी एकदा म्हटलं. "बापाचंच नाव लावलं असेल त्याने."

"तशी पद्धत होती, ठाऊक आहे मला. पण आमच्या घरचा माणूस शेताचं नाव टाकणार नाही. आजोबा सांगायचे." आणि वर जरा चिडूनच, "पुन्हा हे काढू नका."

मला खोड आहे. नको म्हटलं की तेच करायचं. साहेब इब्रीला साइटवर गेले, तेव्हा मी बापाच्या नावाने शोधायला बसलो आणि आठवड्याभरात माणूस सापडला. तीच जन्मतारीख, तेच गाव. चांगला ऐंशी वर्षं जगला होता. चर्चच्या वहीत तो मेला, त्यानंतर त्याचं लग्न झालं, मुलं झाली. तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण मी ती माहिती इंटरनेटवर टाकणाऱ्या त्याच्या नातीला पत्र टाकलं. तिने सविस्तर उत्तर दिलं आणि सोबत एका जुन्या पत्राची प्रत पाठवली. ते नॉर्वेच्या भाषेत होतं, मला ओ की ठो कळलं नाही. सगळं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

साहेबांनी नातीचं उत्तर वाचलं. मग ते जुनं पत्र उभ्यानेच वाचलं. पाकिटातून आजोबांच्या हातचं एक पान काढलं. पाऊसपाण्याच्या नोंदींचं ते पान ते कायम जवळ बाळगत. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि एक डोळा मिटला. इतका वेळ त्यांना नकाशालाही लागलेला मी पाहिला नव्हता.

"तोच हात," ते म्हणाले.

आजोबांनी भावाला लिहिलं होतं: आई गेली, शेत विकावं लागलं, आता परत येऊन काही उपयोग नाही. आई पुढे कित्येक वर्षं जिवंत होती. शेत कधीच विकलं गेलं नाही, साहेबांचा जन्मच त्या घरातला. आणि इकडे आईला आणि चर्चला सांगितलं, थोरला अमेरिकेत वारला. नातीने लिहिलं होतं की ते पत्र येईपर्यंत तिचा आजा शेताचंच नाव लावत असे. मग म्हणाला, जे विकलं त्याचं नाव कशाला मिरवायचं?

"आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात सर," मी म्हटलं. "घरोघरी असते." समजूत घालायला गेलो, दुसरं काय.

"टोपी काढायचा तो!" साहेबांचा आवाज फाटला. "माझा हात धरून उभा राहायचा आणि टोपी काढायचा!"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या गावच्या जमिनीचे कागद कोण बघतं?"

"धाकटा भाऊ."

"तुम्ही पाहिलेत?"

"सर, भाऊ आहे तो माझा," मी हसलो. ते हसले नाहीत.

आदल्याच वर्षी भावाने कुणाबरोबर तरी कागद पाठवले होते. 'दादा, पेन्सिलची खूण आहे तिथे सही कर.' मी न वाचता केली होती. दिवसभर लोकांचे कागद तपासणारा मी! मला साहेबांचा संताप आला. स्वतःच्या घरातला किडा त्यांनी माझ्या डोक्यात सोडला होता. तो संताप अजून गेलेला नाही.

त्यानंतर त्यांनी नकाशे काचेला लावले नाहीत. समोर येईल त्यावर सही. एकदा रस्त्याखालची पाण्याची मोरीच नकाशातून गळाली होती, त्यावरही सही केली. मी तो गुपचूप परत नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मोरीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. वर्षअखेरीला नोकरी सोडली. दारावरची आडनावाची पाटी स्वतःच स्क्रू काढून उतरवली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. दगड मात्र बरोबर नेला.

काही महिन्यांनी अमेरिकेहून कार्ड आलं. गवतात एक थडगं, त्यावर तो काळा दगड. मागे सही होती, त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव. शेताचं नाव नव्हतं. खाली एकच ओळ: 'मिस्टर शांताराम, कागद पाहिलेत का?'

आता सातबारा मोबाइलवरही दिसतो म्हणे. गेल्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा भाऊ एसटीवर न्यायला आला होता. माझी बॅग त्याने खांद्यावर टाकली. आमच्या बांधावरून चालताना मला ऊन लागतंय असं वाटून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

कार्डाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.